व्हीआर हेडसेट घराघरात पोचेल का? (आमचा तर माळ्यावर पोचला)

अर्धा_कप (धागाकर्ता)

दिवाळीची साफसफाई चालू आहे. माळ्यावरून फराळाचे डबे काढताना मागे एक पांढरी पेटी हाताला लागली. बायकोने खालून विचारलं, "काय आहे रे ते?" म्हटलं, "पस्तीस हजार रुपये."

तीन वर्षांपूर्वी मेव्हण्याकरवी अमेरिकेहून मागवलेला व्हीआर (व्हर्च्युअल रिॲलिटी) हेडसेट, म्हणजे डोळ्यांवर चढवला की आपण दुसऱ्याच जगात उभे आहोत असं वाटायला लावणारं यंत्र. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर पाचव्या प्रतिसादापर्यंत धागा तिकडेच वाहत जाईल.

पहिला आठवडा घरात जत्रा होती. सोसायटीतली पोरं रांग लावून उभी. सासूबाईंना रोलरकोस्टरवर बसवलं तर त्यांनी "अगं बाई गं" करत पडद्याचा रॉड खाली आणला. दुसऱ्या आठवड्यात पोरं पांगली, मी एकटा उरलो. महिन्याभरात मीही उरलो नाही.

कंटाळा आला असंही नाही. गेम चांगलेच होते. पण अर्धा तास खेळायचं म्हणजे टीपॉय बेडरूममध्ये न्यायचा, दिवाण भिंतीला सरकवायचा, चष्म्यावर हेडसेट नीट बसवायचा, जमिनीवर हद्द आखून घ्यायची. एवढं होईतो तो म्हणणार, थांबा, अपडेट आहे. तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली की सगळं काढून ठेवायचं. याच्यापेक्षा कॅरम बोर्ड काढणं सोपं.

२०१२ मध्ये असे हेडसेट बनवणाऱ्या ऑक्युलसने लोकांकडून २४ लाख डॉलर वर्गणी गोळा केली, २०१४ मध्ये फेसबुकने ती कंपनी २ अब्ज डॉलरला घ्यायचं ठरवलं. तेव्हापासून दरवर्षी वाचतोय की पुढचं वर्ष व्हीआरचं. पुढचं वर्ष काही उजाडत नाही. टीव्ही किंवा मोबाइल पोचला तसं हे कधी पोचेल का? की ही कायम हौशी लोकांचीच गंमत राहणार? अनुभव लिहा. मतंही चालतील, पण आधी अनुभव.

बे_एके_बे

पहिला! माझाही माळ्यावरच आहे, इडलीपात्राशेजारी. पुलेशु (पुढील लेखनास शुभेच्छा).

खडूस_काका

पोचणार नाही. अनुभव विचारलात म्हणून सांगतो, हे तिसऱ्यांदा बघतोय.

१९६८ मध्ये आयव्हन सदरलंड यांनी डोक्यावर घालायचं सुरुवातीचं एक यंत्र केलं, ते इतकं जड होतं की छताला टांगावं लागे. ते सोडून द्या, तो प्रयोगशाळेतला मामला. १९९५ मध्ये निन्टेन्डोने व्हर्च्युअल बॉय हा डोळ्यांना लावून खेळायचा गेम बाजारात आणला. लाल आणि काळा, एवढे दोनच रंग. वर्षभरात गाशा गुंडाळला. सगळ्या जगात मिळून खपले पावणेआठ लाखांच्या आसपास. मग २०१० ला थ्रीडी टीव्ही आले. शोरूममध्ये काळे चष्मे लावून लोक हवेत हात मारत उभे असायचे. २०१७ पर्यंत मोठ्या कंपन्यांनी ते बनवणंच बंद केलं. माझ्याकडे अजून चार चष्मे आहेत, नात भातुकलीत वापरते.

एक आकडा मात्र लक्षात ठेवण्यासारखा आहे. २०१९ च्या अखेरपर्यंत प्लेस्टेशन ४ (टीव्हीला जोडायचं सोनीचं गेमचं यंत्र) खपले १० कोटी ६० लाख, आणि त्याला जोडायचे व्हीआर हेडसेट ५० लाख. म्हणजे ज्याच्या घरात यंत्र आहे, टीव्ही आहे, गेमची आवड आहे, अशा वीस गिऱ्हाइकांपैकी एकाने तो घेतला. तयार गिऱ्हाईक वीसातलं एक, आणि तुम्ही घराघराची भाषा करताय.

कारण साधं आहे. टीव्ही एक लावला तर घर बघतं. हे एकाने घातलं की बाकीच्यांनी त्याच्याकडे बघायचं.

ढोबळमानाने

वाचत होतो, राहवलं नाही. पुण्यात गेम बनवण्याच्या धंद्यात आहे, त्यातली सहा वर्षं व्हीआरमध्ये गेली.

काकांचा मुद्दा बरोबर आहे, पण त्याच्या आधी पोटाचा मुद्दा येतो. मळमळ. घाटात बसमध्ये पुस्तक वाचलं की होतं तेच, फक्त उलट्या बाजूने. बसमध्ये कानाच्या आतला तोल सांगतो "हलतोय" आणि डोळे सांगतात "स्थिर आहे." व्हीआरमध्ये डोळे सांगतात "धावतोय" आणि कान म्हणतो "अरे, तू तर हॉलमध्ये उभा आहेस." या भांडणात पोट मधल्यामध्ये मरतं.

यावर आम्ही नाना तोडगे काढतो. सेकंदाला ९० चित्रं, म्हणजे एकेक चित्र तयार करायला जेमतेम ११ मिलिसेकंद, आणि तेही दोन डोळ्यांसाठी वेगवेगळं. चालण्याऐवजी बोट दाखवलं तिथे उडी मारून पोचायचं. वळताना कडा काळ्या करायच्या. चाचणीला नवीन माणूस बसवला की मी पडद्याकडे बघत नाही, त्याच्या वरच्या ओठाकडे बघतो. तिथे घामाचे बारीक थेंब आले की समजायचं, आता दोन मिनिटांत हा "जरा पाणी देता का" म्हणणार.

दुसरी भानगड नजरेची. पडदा डोळ्यांपासून चार बोटांवर असतो, पण भिंगांमुळे डोळ्याला तो दीड-दोन मीटरवर भासतो. हातातली वस्तू नाकाशी आणलीत की दोन्ही डोळे आत वळतात, पण नजर रोखलेली राहते ती तिथेच दूर. खऱ्या जगात या दोन गोष्टी जोडीने चालतात. तासाभराने कपाळ चढतं ते यामुळे. चांगला पडदा लावून हे सुटत नाही.

राहिला गेमचा प्रश्न. २०२० मध्ये हाफ-लाइफ: ॲलिक्स आला तेव्हा आमच्या ऑफिसात दोन दिवस काम बंद होतं. त्यात बाटली उचलून हलवली तर आतलं पाणी कसं हिंदकळतं, एवढंच लोक बघत बसायचे. तसा गेम करायला पैसा लागतो, पैसा गिऱ्हाईक असेल तर येतो. विहीर नाही म्हणून वस्ती नाही, आणि वस्ती नाही म्हणून विहीर कोणी खणत नाही.

चिंगुताई

अनुभव हवाय ना? घ्या. वय ५२, गृहिणी, रोज सकाळी ३५ मिनिटं बीट सेबर. तलवारी घेऊन ठोकळे कापायचे, गाण्याच्या तालावर. दोन वर्षं झाली. जिमचे पैसे दोनदा भरून दोनदा बुडवले, हे मात्र सुटलं नाही. कारण जिमला जाताना केस विंचरावे लागतात.

अडचणी सांगते, त्या कुठल्या परीक्षणात सापडणार नाहीत. एक, पंखा. उंच माणसाने पंख्याखाली उभं राहून हात वर करू नये. आमच्या ह्यांनी केला, चार दिवस बोट सुजलं होतं. पंखा बंद केला तर मुंबईच्या हवेत दहा मिनिटांत भिंगांवर धुकं. मी टेबलफॅन जमिनीवर समोर ठेवते. त्याचा दुसरा फायदा असा की वारा कुठून येतोय त्यावरून आपलं तोंड कुठल्या दिशेला आहे ते कळतं.

दोन, टिकली. कपाळाला टेकणाऱ्या स्पंजाला चिकटून बसते. माझ्यानंतर ह्यांनी घातला आणि तसेच खाली दूध आणायला गेले. कपाळावर माझी मरून टिकली. दुधवाल्याने काही विचारलं नाही, पण दुसऱ्या दिवशी हसत होता. आता स्पंजावर सिलिकॉनचं आवरण घातलंय, धुता येतं. केसांना तेल लावलेल्या दिवशी सुट्टी.

तीन, आणि हे महत्त्वाचं. सुरुवातीला रोज डोकं दुखायचं. मी म्हटलं, वय झालं. लेकीने बघितलं तर भिंगांमधलं अंतर सगळ्यात रुंद खाचेवर होतं. माझ्या हेडसेटात तीनच खाचा आहेत, ५८, ६३ आणि ६८ मिलिमीटर. माझं अंतर चष्मेवाल्याने मोजलं तर ५८ निघालं. खाच बदलली आणि डोकेदुखी गेली. किती बायकांनी "मला नाही बाई सोसत" म्हणून हे यंत्र खाली ठेवलं असेल, फक्त नवऱ्याच्या खाचेवर होतं म्हणून!

खडूस_काका

चिंगुताई, कौतुक आहे. पण आमच्या मजल्यावर तीन ट्रेडमिल आहेत. तिन्हींवर टॉवेल वाळतात. घेतलेल्यांपैकी एक वापरतो म्हणजे वस्तू रुळली असं होत नाही.

चिंगुताई

काका, ट्रेडमिलवर टॉवेल तरी वाळतो. याच्यावर तेही होत नाही म्हणून वापरते. हलके घ्या :)

एडिसनचा_विठ्ठल

न्यू जर्सीतून लिहितोय. इथे चित्र थोडं वेगळं आहे, निदान पोरांपुरतं.

मुलगा ११ वर्षांचा. त्याच्या वर्गातल्या बऱ्याच पोरांकडे क्वेस्ट आहे, म्हणजे मेटाचा (पूर्वीची फेसबुक कंपनी) हेडसेट. ऑक्टोबर २०२४ मध्ये २९९ डॉलरचा क्वेस्ट ३एस आला आणि त्या नाताळाला आमच्या गल्लीत तो सायकलीसारखा आला. पोरं त्यावर खेळतात काय, तर गोरिला टॅग. तुम्ही माकड, पाय नाहीतच, दोन्ही हातांनी जमीन ढकलत पळायचं, एकमेकांना शिवायचं. म्हणजे आपली पकडापकडी. चित्रं इतकी ओबडधोबड की मी म्हटलं, हा काय गेम आहे? फुकट आहे, हे त्याचं उत्तर. आणि शाळेतली सगळी पोरं तिथे आहेत, हे खरं उत्तर.

खालच्या खोलीत हा एकटा उभा राहून "तो बघ, झाडावर, झाडावर!" असं ओरडतो. भिंतीला दोन पोचे आलेत. मळमळ? नावाला नाही. ढोबळमानाने, तुमचे सगळे नियम हा गेम मोडतो आणि पोरं तासन् तास उड्या मारतात.

मला काळजी वेगळीच आहे. टीव्हीवर खेळत असेल तर जाता-येता नजर पडते. इथे तो काय बघतोय, त्याच्याशी कोण बोलतंय, काही पत्ता लागत नाही. १० वर्षांपासून पालकांच्या देखरेखीखाली वापरायची मुभा २०२३ पासून आहे, आधी १३ ची अट होती. मी चित्र माझ्या फोनवर लावून ठेवतो आणि भांडी घासता घासता बघतो. त्याला ते आवडत नाही. मला मळमळतं.

काका म्हणतात वीसातला एक. मान्य. पण ही पोरं मोठी होतील तेव्हा त्यांना डोक्यावर काहीतरी घालून मित्रांना भेटणं विचित्र वाटणार नाही. आपल्याला वाटतं.

लॅमिंग्टन_लोकल

अमेरिकेची गोष्ट अमेरिकेत. इकडचं ऐका, मी या वस्तू विकतो आणि दुरुस्तही करतो.

आपल्याकडे मेटा कंपनी क्वेस्ट स्वतः विकतच नाही. जे मिळतं ते कोणाच्या तरी बॅगेतून किंवा आयातदाराकडून. वॉरंटी म्हणजे माझा मोबाइल नंबर. अधिकृतपणे मिळतो तो प्लेस्टेशनचा दुसरा हेडसेट, ५७,९९० रुपयांना आला होता, शिवाय तेव्हा आधी प्लेस्टेशन ५ लागायचा. एवढ्या पैशात बरी सेकंडहँड ॲक्टिव्हा येते आणि तिच्यावर दोघं बसतात.

आणि खरा घोटाळा याच्याही आधीचा. बहुतेकांनी व्हीआर म्हणून जे बघितलं ते व्हीआर नव्हतंच. २०१४ ला गूगलचा पुठ्ठ्याचा डबा आला, फोन आत सरकवायचा. २०२३ च्या आयपीएलच्या वेळी जिओचा १,२९९ चा आला, तोही फोनवालाच. यात मान वळवली तर चित्र वळतं, पण एक पाऊल पुढे टाकलं तर जग तुमच्याबरोबर सरकतं. तिथेच गरगरतं. मॉलमधली अंड्याच्या आकाराची खुर्ची त्याच जातीची. पाच मिनिटं हलवतात, लोक उतरतात आणि म्हणतात, बघितलं व्हीआर, काही खास नाही. पहिल्या घासाला खडा लागला की माणूस ताटावरून उठतो.

अवांतर, पण धागाकर्त्यांसाठी: माळ्यावर ठेवलात ते बरं केलंत. खिडकीत ठेवू नका. भिंगातून ऊन आत शिरलं की लहानपणी आपण कागद जाळायचो तसा पडदा जळतो. माझ्याकडे येणाऱ्यांत पिवळे डाग घेऊन येणारे बरेच. त्याला औषध नाही.

अर्धा_कप

लॅमिंग्टनभाऊ, धन्यवाद. तुमच्या धाकाने काल पेटी उघडली. डाग नाहीत. बॅटरी मात्र पार मेलेली, चार्जिंगला लावून अर्धा तास प्राण आले नाहीत. मग दोन तास अपडेट.

आता जे झालं ते सविस्तर लिहितो, कारण माझं मत त्याने जरा हललंय.

बाबा आमच्याकडे आले आहेत. वय ७१. बँकेत होते, आणि बँकेच्या स्पर्धांमध्ये टेबल टेनिस खेळायचे. कपाटात तीन ढाली आहेत, आई हयात असताना दर दसऱ्याला चिंचेने घासायची. गुडघ्यांमुळे पंधरा वर्षं खेळ बंद. मला आठवलं, यात टेबल टेनिसचा एक गेम होता. घातला त्यांच्या डोक्यावर. आधी "हे काय झाडू मारल्यासारखं" म्हणाले, कारण कंट्रोलरची मूठ बॅटसारखी नाही. मी सेटिंगमध्ये जाऊन बॅटचा कोन बदलत बसलो. ते हातात फिरवून म्हणत होते, अजून थोडं, अजून, हं. मग चेंडू आला.

तो टक् असा आवाज मलाही बाहेर बारीक ऐकू आला. बाबांचा खांदा एकदम खाली गेला, डावा पाय अर्धं पाऊल मागे. हा माणूस सकाळी पाटावरून उठताना भिंत धरतो.

दहा मिनिटांनी दमले, आणि सवयीने टेबलावर डावा हात टेकायला गेले. टेबल अर्थातच नाही. आडवे झाले ते थेट दिवाणावर, नशीब मी तो सरकवला नव्हता. मी घाबरून हेडसेट काढला तर हसत होते. म्हणाले, "नेट दिसतंय, चेंडू दिसतोय, टेबल दिसतंय, मग टेकायला काय हरकत आहे त्याला?"

आज सकाळी पोलंडच्या कोणाशी तरी खेळले. तो काहीतरी बोलला, बाबा म्हणाले, "गुड शॉट, गुड शॉट." मग मला मराठीत म्हणाले, "याचा बॅकहँड कच्चा आहे, पण सांगू नकोस." हरले. त्यांची तक्रार एकच, डाव अकराला संपतो. २००१ पासून खऱ्या खेळातही एकवीसचे अकरा झालेत असं सांगितलं. म्हणाले, "मला कोणी विचारलं नव्हतं."

ढोबळमानाने

तुम्ही लिहिताय तो इलेव्हन टेबल टेनिस असावा. तो का चालतो ते बघा. तुम्ही एक पाऊल डावीकडे सरकता, गेममध्येही तेवढंच. बॅट हातातच असते. डोळे आणि कान एकच गोष्ट सांगतात, म्हणून पोट गप्प. बीट सेबरचं तेच. विठ्ठलराव, गोरिला टॅगलाही निम्मं हेच लागू आहे, हात ढकलले तर पुढे, नाहीतर जागेवर. म्हणजे तो माझे नियम मोडत नाही, अर्धेच पाळतो. उरलेलं अर्धं पोरांचं पोट सांभाळून घेतं.

गंमत अशी की हे चालणारे गेम छोट्या चमूंनी केलेले, साध्या चित्रांचे. आणि ज्यांच्याकडे पैसा ओतून वाहत होता त्यांनी काय केलं? मेटाच्या व्हीआर आणि चष्म्यांच्या विभागाचा एकट्या २०२४ सालचा तोटा १७.७ अब्ज डॉलर, म्हणजे दीड लाख कोटी रुपये. त्याच वर्षी त्यांनी रेडी ॲट डॉन हा आपला चांगला गेम स्टुडिओ बंद केला. ॲपलने ३,४९९ डॉलरचा आणला, सहाशे ग्रॅमच्या वर वजन, आणि त्यात गेम खेळायला हातात काही दिलंच नाही. आता सगळ्यांचा ओढा साध्या चष्म्यांकडे आहे, रे-बॅनसारख्या, ज्यात कॅमेरा आणि स्पीकर असतो आणि गेम नसतो. स्टीमवर (कॉम्प्युटर गेमचं ऑनलाइन दुकान) दर महिन्याला पाहणी होते, त्यात हेडसेट जोडलेले लोक वर्षानुवर्षं दोन टक्क्यांच्या आसपासच घुटमळतात.

माझं मत विचाराल तर सगळ्या घरांत नाही पोचणार. कॅरम पोचला तसा नाही, बॅडमिंटनची रॅकेट पोचली तेवढा कदाचित. मी स्वतः मागच्या वर्षी मोबाइल गेमकडे वळलो. हप्ते आहेत.

खडूस_काका

बाबांचं वाचून बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. पण एक सुचवतो. बहुतेक सोसायट्यांच्या क्लबहाउसमध्ये खरं टेबल पडून असतं. बाबांना तिकडे न्या. समोर माणूस असेल, पोलंडचा नसला तरी चालेल. आणि त्या टेबलावर हात टेकता येतो.

अर्धा_कप

काका, पटलं म्हणून कालच संध्याकाळी घेऊन गेलो. टेबल आहे. त्याच्यावर गणपतीच्या मंडपाचे पडदे, दोन समया आणि सेक्रेटरींच्या मुलाचा जुना सोफा आहे. चावी कोणाकडे असते ते वॉचमनला माहीत नाही. बाबा पाच मिनिटं बघत उभे राहिले, टेबलाच्या कडेवरची धूळ बोटाने पुसली आणि म्हणाले, चल.

चिंगुताई

तुमच्या बाबांना सांगा, मुठीला मनगटाची दोरी अडकवूनच खेळा. आमच्याकडे टीव्ही गेला त्यात. आणि दिवाण तिथेच राहू दे.

एडिसनचा_विठ्ठल

मुलाला तुमचा प्रतिसाद मराठीतून वाचून दाखवला. विचारतो, "आजोबांना गोरिला टॅग येतं का?"

बे_एके_बे

अर्धा_कप, एवढं सगळं झालं, पण विकणार आहात का? पंधराला घेतो. माझा चालत नाही, सुटे भाग होतील.

अर्धा_कप

बाबांना विचारलं. म्हणतात, येऊ दे त्याला, एक डाव लावू, जिंकला तर फुकट नेऊ दे.

एकवीस गुणांचा.